बाहेरची कडी

आर्वी
सोमवार, १८ नोव्हेंबर १९९६

इला,

आधी ‘चि.’ लिहिलं होतं, मग खोडलं. सहा वर्षं एक ओळ न लिहिणाऱ्या बापाने एकदम आशीर्वाद पाठवायचे म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा नुसतंच इला.

मला मांजर चावलं आहे.

हसू नकोस. म्हणजे हसलीस तरी चालेल, पण पत्र पुढे वाच. उजव्या हाताला, अंगठ्याच्या बुडाशी दोन भोकं पडली आहेत. बारीकच आहेत, सुई टोचावी तेवढी. हात मात्र मनगटापर्यंत सुजला आहे, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. एरवी माझं अक्षर कसं असतं ते तुला माहीत आहे. शाळेतल्या तीस वर्षांच्या दाखल्यांवर ते अजून आहे.

मांजर पाळलेलं नाही. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची मांजरी आहे, डावा कान फाटलेला. मागच्या अंगणात यायची, माणूस दिसला की भिंतीवरून पसार. तुझी आई गेल्यावर घरात आवाज म्हणून नाही. मला वाटलं, ही आत आली तर बरं. मागच्या दारापासून नळापर्यंत अकरा फरश्या आहेत, तू त्यांवर लंगडी खेळायचीस. आषाढात मी नळाजवळच्या फरशीवर दुधाची ताटली ठेवली. आठ-दहा दिवसांनी एक फरशी अलीकडे, मग आणखी एक. असं करत दिवाळीपर्यंत उंबऱ्याशी आलो. एवढा धीर मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी धरला नसेल.

काल रविवारी ताटली उंबऱ्याच्या आत ठेवली. ती आली, पीत राहिली. आणि मला कोण जाणे काय झालं, मी दार लावून घेतलं. चार महिन्यांचं काम एका क्षणात नासलं. ती भिंतीवर चढली, डबे पाडले, तुझ्या आईच्या खोलीत घुसली. मी धरायला हात घातला.

आज सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, “आजपासून इंजेक्शनं सुरू. चौदा, पोटात, बेंबीभोवती. मांजर कुठे आहे?” म्हटलं, घरात कोंडलं आहे. “उत्तम. दहा दिवस नजरेसमोर ठेवा. दहा दिवसांत मेलं नाही, पिसाळलं नाही, तर उरलेली इंजेक्शनं बंद करू. मात्र सुटून गेलं तर चौदाही घ्यावी लागतील.” इंजेक्शन घेतलं. फारसं दुखलं नाही. तू काळजी करू नकोस. करणार असशील तर.

उद्या हे पत्र पोस्टात टाकतो.

श्रीनिवास
(‘बाबा’ लिहायला धजत नाही.)


मंगळवार, १९ नोव्हेंबर

इला,

कालचं पत्र टाकलं नाही. पोस्टापर्यंत गेलो आणि भाजी घेऊन परत आलो. आता दोन्ही एकदमच टाकीन.

ती तुझ्या आईच्या खोलीत आहे. खोलीला आतून कडी नाही, बाहेरून आहे, ती लावून ठेवली आहे. मी अंगणात जाऊन खिडकीतून पाहतो. खाटेखाली बसते. तिथे तुझ्या आईची एक पिशवी आहे, तिला टेकून. ते असू दे.

खात नाही. दूध ठेवलं, पोळी चुरून ठेवली, शेजारच्या भैय्याजींकडून साय मागून आणली. तोंड लावत नाही. आणि ओरडते. साधं म्यांव नाही, खोल, घशातून काढलेला आवाज, जणू घरात कोणी माणूसच कण्हतं आहे. थोडी थांबते, कान टवकारते, पुन्हा सुरू.

आजाराची लक्षणं डॉक्टरने सांगितली होती ती मी एका कागदावर उतरवून आणली. खाणं सुटतं. आवाज बदलतो. जनावर बेचैन होतं, दारं-भिंती ओरबाडतं. मग लाळ गळते, मग मागचे पाय जातात, मग मरतं. पहिली तीन झाली, इला. मी कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि दर अर्ध्या तासाने काढून वाचतो, लक्षणं आपोआप कमी होणार असल्यासारखा.

आणि माणसाला पाण्याची भीती वाटते म्हणतात. तेव्हा मी सकाळपासून पाणीच पितो आहे. तांब्या उचलतो, आत बघतो, भीती वाटते का ते तपासतो आणि गटागटा पितो. भीती वाटतेच, पण ती पाण्याची की तपासण्याची ते कळत नाही. दिवसभरात अकरा तांबे झाले. तुझी आई असती तर म्हणाली असती, “अहो, रेबीजने नाही, बुडून मराल.”

श्रीनिवास


बुधवार, २० नोव्हेंबर

इला,

खोटं लिहिलं होतं. इंजेक्शन घेतलेलं नाही.

परवा डॉक्टरने सुई काढली. ती सुई मी पाहिली आणि म्हणालो, “आज उपास आहे, उद्यापासून येतो.” उपासाचा आणि सुईचा काय संबंध ते त्यालाही कळलं नाही, मलाही नाही. आमच्या शाळेतला शिपाई जयवंता तुला आठवतो का? घंटा वाजवणारा, तुला बोरं द्यायचा. त्याला कुत्रं चावलं होतं, त्याने ही इंजेक्शनं घेतली आणि त्यानंतर त्याचे दोन्ही पाय लुळे पडले. असं हजारात एखाद्याचं होतं म्हणतात. हजारांतला तो एक नेमका मीच असणार, हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

त्यामुळे आता सगळी भिस्त मांजरीवर. ती दहा दिवस जगली तर मी जगलो.

आणि ती जगेल असं दिसत नाही. आज दाराला नखं मारून मारून तिच्या पंजातून रक्त आलं आहे. दाराच्या खालच्या फळीवर रेघाच रेघा. ओरडून घसा बसला, मधूनच नुसती हवा निघते. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. मी खिडकी सोडून पळालो. साठीचा माणूस अंगणात धावला, भैय्याजींच्या सुनेने पाहिलं.

मला मरायची भीती वाटते हे मी कबूल करतो. त्यात लाज कसली. पण आणखी एक भीती आहे, ती आज दिवसभर मानगुटीवर बसली आहे. मी असा मेलो, घसा आवळत, पाण्याला भीत, तर तुला एक गोष्ट कधीच कळणार नाही. ती सांगणारा दुसरा कोणी जिवंत नाही, असं मी समजतो. ती लिहायला बसलो होतो. झालं नाही. हात दुखतो.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

इला,

आज मंदाबाई आली. आठवते ना? तू शाळेत होतीस तेव्हापासून आपल्याकडे भांडी घासते. भाचीच्या साखरपुड्यासाठी हिंगणीला गेली होती, पाच दिवसांनी परतली. आल्या आल्या तिने आवाज ऐकला.

“काकाजी, हे काऊन असं बोंबलून राह्यलं?”

मी तिला सगळं सांगितलं. चावलं, डॉक्टर, दहा दिवस, पिसाळलं आहे बहुतेक, तू जवळ जाऊ नकोस. ती ऐकत ऐकत खिडकीशी गेली. तेवढ्यात मांजरी उडी मारून गजांना लटकली, पोट आमच्याकडे. मंदाबाईने पाहिलं आणि मागे फिरून माझ्याकडे असं बघितलं की मला चोरी करताना पकडल्यासारखं झालं.

“पिसाळलं नाई काकाजी ते. लेकुरवाळी हाये. थानं पाहा ना तिचे, दगडावानी झाले. किती दिवस झाले कोंडून?”

म्हटलं, रविवारपासून.

“म्हंजे चार दिवस! अन् तिचे लेकरं कुठीसा बोंबलत असतीन, का मरून गेले असतीन. उघडा दार.”

मी म्हणालो, “मंदाबाई, दार उघडलं तर ती जाईल. गेली तर ती जिवंत आहे की मेली मला कळायचं कसं? माझा जीव आहे तिच्यात.” खरंच असं म्हणालो. राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, तसं. इंजेक्शन घेतलेलं नाही हेही सांगून टाकलं.

 ती पदराला हात पुसत, अगदी हळू आवाजात म्हणाली, “तवाबी कडी बाहेरूनच होती, काकाजी.”

 मी विचारलं, तवा म्हणजे कधी?

“तुमाले मालूम हाये कवा. मी आलती ना भांड्याले त्या दिवशी. समोर कुलूप, मांगून कडी. काकू याच खिडकीत उभ्या होत्या, नवं पातळ नेसून. मी म्हटलं, मांगची कडी काढतो, जा तुमी, माही लेक सोडून देते तुमाले स्टँडवर. तं म्हने, नको मंदा. माह्या घरची गोष्ट चार लोकात जाईन. राहू दे. अन् कोनाले सांगू नको म्हने. नाई सांगितलं मी. पाच वर्सं झाले.”

पाच वर्षं ती रोज माझी भांडी घासते आहे, इला. मी तिला चहा देतो, ती घेते. आणि तिला ठाऊक होतं.

मी कडी काढली. धैर्य वगैरे काही नाही. मंदाबाई बघत होती म्हणून काढली, असंही असेल. सुजलेल्या हातातून कडी दोनदा निसटली. दार बोटभर उघडलं आणि ती माझ्या पायांमधून सुटली, अंगण, नळ, भिंत. गेली.

आता मी बसलो आहे. ओरडणं थांबलं आहे. ते बंद व्हावं म्हणून चार दिवस देवाला आळवत होतो आणि आता ही शांतता सोसत नाही.


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

इला,

आज सकाळी जाऊन इंजेक्शन घेतलं. खरंच. पोट उघडं टाकून टेबलावर झोपलो, डोळे मिटले, नर्सबाई म्हणाल्या, “आजोबा, श्वास सोडा.” सोडला आणि बेशुद्ध झालो. शुद्धीवर आलो तेव्हा काम झालं होतं. डॉक्टर फार बोलला. चार दिवस वाया घालवले, तुम्ही शिकलेले माणूस, शाळेत नोकरी केली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. शिव्यांची सुई बरी, मी म्हटलं मनात.

पाय हलवून पाहिले. हलतात.

आता लिहितो. हात बरा आहे, सबब उरली नाही.

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी, धीरजरावांचं कार्ड आलं. तुला बाळंतपणासाठी सिंदीहून वर्ध्याला दवाखान्यात हलवलं होतं. ‘इला सारखी आईला बोलावते आहे, कृपा करून सासूबाईंना पाठवावे.’ अक्षर चांगलं होतं. तेलाच्या दुकानात बसणाऱ्या मुलाचं इतकं चांगलं अक्षर मला सहन झालं नाही, इतका मी हलका माणूस आहे.

कार्ड तुझ्या आईच्याच हाती पडलं होतं. तिने मला विचारलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तर मीच होऊ दिलं नव्हतं; निदान बाळंतविडा तरी घेऊन जाते, म्हणाली. तो तिने कधीपासून लपूनछपून तयार केला होता. मला वाटायचं, दुपारी झोपते. ती शिवत होती. टोपडी, झबली, माझ्या जुन्या धोतरांची दुपटी, डिंकाचे लाडू. सगळं एका पिशवीत भरलं. सकाळी नवं पातळ नेसली. पहिल्या एसटीने वर्धा.

मी भ्यालो. कशाला, ते आज सांगायला गेलो तर हसू येईल. शाळेच्या संस्थेचे लोक काय म्हणतील. वर्ध्याचे माझे दादा काय म्हणतील, जातीबाहेर गेलेल्या पोरीकडे बायको पाठवली म्हणून. मला वाटलं, ती एकदा गेली की दर महिन्याला जाईल, मग तुम्ही याल, मग दारात लोक बघतील. ती देवाला नमस्कार करायला आत गेली होती. मी मागच्या दाराला बाहेरून कडी लावली, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि शाळेत गेलो. दिवसभर दाखले लिहिले. एकही चूक झाली नाही.

संध्याकाळी आलो. ती त्या खाटेवर बसली होती. पातळ बदललेलं नव्हतं. पिशवी मांडीवर होती. मला वाटलं ओरडेल, भांडी फेकेल. ती म्हणाली, “भात टाकू ना?” आणि उठली. पिशवी खाटेखाली सरकवली. त्यानंतर तीन वर्षं ती रोज त्या पिशवीभोवतीने केर काढायची, पिशवी हलवायची नाही. तिच्या माघारी मीही नाही हलवली.

ती ओरडली नाही, इला. मांजरी चार दिवस ओरडली तेव्हा मला कळलं, न ओरडलेलं किती असेल.


शनिवार, २३ नोव्हेंबर

इला,

मांजरी दिसत नाही. दहांतला आज सहावा दिवस.

सकाळी भैय्याजींनी फाटकातून हाक मारली. त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर बैलांच्या चाऱ्याचं कुटार भरून ठेवलेलं असतं. तिथे दोन पिल्लं मरून पडलेली सापडली. म्हणाले, “दोन-तीन दिवस बारीक आवाज येऊन राह्यला होता जी. आमाले वाटलं, माय असंनच.” माय इथे होती, माझ्याकडे. मी विचारलं, दोनच का? आणखी कुणी नाही? म्हणाले, नाही दिसलं.

मी जाऊन पाहिलं. पाहायला नको होतं. डोळे उघडलेले होते, चालायच्या वयाची असावीत. माळ्याच्या कडेपर्यंत आलेली होती.

मंदाबाई म्हणाली, “तुमाले आता काशीले जाऊन सोन्याचं मांजर द्या लागते काकाजी.” थट्टेने नाही म्हणाली. मी तिला म्हटलं, “मला काशी नाही, सिंदी चुकली आहे.” आर्वीहून वर्धा एसटीने, वर्ध्याहून पॅसेंजरने सिंदी. दीडशे वेळा वेळापत्रक पाहिलं असेल. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येतं, इतकं जवळ.

अजून एक राहिलं आहे. ते सगळ्यात वाईट, म्हणून शेवटी ठेवलं.

त्या मंगळवारनंतर दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या टेबलावर बसून धीरजरावांच्या कार्डाला उत्तर लिहिलं. ते तू वाचलं असशील. ‘सौ. पद्मा येऊ शकत नाही. तशी तिची इच्छाही नाही.’

ते वाक्य माझं आहे. तिची इच्छा नाही असं ती कधी म्हणाली नाही. माझं ते उत्तराचं कार्ड तिला ठाऊकही नव्हतं. तू बाळंतपणात तिची वाट पाहिलीस, मग ते कार्ड वाचलंस आणि तुला वाटलं, आईनेसुद्धा तोंड फिरवलं. ती गेली तेव्हा तू आलीस, फाटकाशी उभी राहिलीस, तिच्या पायांना हात लावलास आणि निघून गेलीस. रडली नाहीस. लोक म्हणाले, पोरगी दगडाची आहे. मी तिथेच उभा होतो, मला कारण माहीत होतं, आणि मी लोकांच्या ‘हो’ ला ‘हो’ केलं.

तुझी आई तुझ्याकडे निघाली होती. नवं पातळ नेसली होती. एवढंच तुला सांगायचं होतं, त्याला मी पाच वर्षं आणि एक मांजर लावलं.


त्याच दिवशी, संध्याकाळी

इला,

ती आली आहे.

मी मागच्या नळावर हातपाय धूत होतो. भिंतीवर आधी फाटका कान दिसला. तोंडात काहीतरी लोंबत होतं, मला वाटलं उंदीर. ती उतरली, अकराव्या फरशीवर थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी नळ चालू ठेवून पुतळ्यासारखा उभा, पाणी पायांवर वाहतंय. ती एकेक फरशी करत आली, माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून, आणि तुझ्या आईच्या खोलीत गेली. तोंडात पिल्लू होतं. जिवंत. तिसरं.

खोलीचं दार मी गुरुवारपासून सताड उघडंच टाकलं होतं. लावायचा धीर होत नव्हता.

वीस मिनिटांनी वाकून पाहिलं. पिशवीचं तोंड तिने उसवलं होतं, का आधीच उसवलेलं होतं कोण जाणे. आत दुपट्यांवर पिल्लू, आणि त्याच्याभोवती ती. ती माझ्यावर फिसकारली. मी ‘बरं बरं’ म्हणून मागे झालो.

ती पाणी प्यायली. मीही प्यायलो, एकच तांब्या.


गुरुवार, २८ नोव्हेंबर १९९६

इला,

काल दहा दिवस पूर्ण झाले. मांजरी ठणठणीत आहे, दोन वेळा दूध पिते, एक भाकर खाते. पिल्लू खाटेच्या पायावर चढतं आणि पडतं. डॉक्टर म्हणाला, “सुटलात. इंजेक्शनं बंद.” चौदापैकी सहा झाली. बेशुद्ध फक्त पहिल्यालाच पडलो.

म्हणजे मी मरणार नाही. निदान याने तरी नाही.

आता खरं सांगतो. दवाखान्यातून येताना मला आनंद झाला तो गांधी चौकापर्यंतच टिकला. घरी टेबलावर ही सगळी पत्रं पडली होती. मरणार होतो म्हणून लिहिली. मेलेल्या माणसाला कोण काय बोलणार? पण आता तू ही वाचशील तेव्हा मी जिवंत असेन, इथेच, याच पत्त्यावर. तू उत्तर पाठवू शकतेस. न पाठवू शकतेस. येऊन तोंडावर बोलू शकतेस. मला पिसाळलेल्या मांजरापेक्षा त्याची जास्त भीती वाटते आहे. काल दुपारी मी काडेपेटीही घेऊन बसलो होतो. कुणाला कळलं असतं?

मंदाबाईला. ती भांडी घासता घासता म्हणाली, “लिवून झालं काय पोरीले? द्या, मी टाकतो पेटीत. तुमच्यानं नाई होत.”

तेव्हा हे सगळं एका पाकिटात घालून तिच्याजवळ देतो आहे. तिला बजावून ठेवलं आहे की मी मागून धावत आलो, हात जोडले, रागावलो, काही सबब सांगितली, तरी परत द्यायचं नाही. ती म्हणाली, “या तं खरं धावत. पाहून घेतो.”

पाकिटात एक टोपडंही आहे. पिशवीतली दुपटी आता मांजरीने घेतली, लाडवांची तर माती झाली आहे. पण टोपडी एका फडक्यात वेगळी गुंडाळलेली होती, ती तशीच राहिली. तीन आहेत. हे लाल काठाचं, तुझ्या आईच्या लग्नातल्या पातळाचा तुकडा आहे, तुला आठवेल. रक्षाला ते आता होणार नाही हे मला कळतं. पाच वर्षांची झाली ना ती? नाव मला बाजारात कळलं, कुणीतरी सहज बोलताना. मी संत्री निवडत होतो, निवडतच राहिलो.

मंदाबाई सांगते, मांजर पिल्लाला सात घरं फिरवते. हे कितवं आहे ठाऊक नाही. एखाद्या सकाळी ती पिल्लू उचलून निघून जाईल. खोलीची बाहेरची कडी मी काल सुताराकडून काढून घेतली. पुढच्या-मागच्या दारांचीही. आता घराला बाहेरून लावता येईल अशी एकही कडी उरलेली नाही. सुतार विचारत होता, “काकाजी, गावाले जासान तं कुलूप कशाले लावान?”

त्याला काय सांगणार. मी कुठे जात नाही. तू ये असं लिहायला मला तोंड नाही. तू ‘ये’ म्हणालीस तर मी येईन. सकाळच्या एसटीने निघेन. तुझ्या दाराबाहेर उभं राहायचं आहे, तू उघडेपर्यंत. नाही उघडलंस तरी संध्याकाळपर्यंत उभा राहीन, तेवढं माझं देणं आहे.

मंदाबाई चपला घालून दारात उभी आहे. म्हणते, पेटी चारला उघडते. पाकीट चिकटवतो.

मला फार भीती वाटते आहे, इला. पण तुझी आई निघाली होती.

तुझा
बाबा